अ‍ॅन्सन जोन्स, टेक्ससचा डॉक्टर प्रेसिडेंट: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ह्यूस्टनला राहायला आल्यापासून आमच्याकडे भारतातून कोणी ना कोणी येतच असतं. नासा बघायचं असतंच सगळ्यांना, पण मी एक दिवस काढून त्यांना अ‍ॅन्सन जोन्सच्या बॅरिंग्टन फार्मलाही घेऊन जातो, गाडीने दीडेक तास. जाताना आणि येताना तेच तेच प्रश्न येतात, आणि मी इतक्या वेळा उत्तरं दिलीयत की आता एकदाची लिहूनच काढतो. हा माणूस मला मनापासून महत्त्वाचा वाटतो आणि टेक्ससमधे राहणाऱ्या निम्म्या लोकांनाही त्याचं नाव माहीत नसतं, याचं खरंच वाईट वाटतं.

हा अ‍ॅन्सन जोन्स नक्की कोण?

टेक्सस १८३६ ते १८४६ असा जवळजवळ दहा वर्षं स्वतंत्र देश होता, त्या देशाचा शेवटचा प्रेसिडेंट. धंद्याने डॉक्टर. जन्म २० जानेवारी १७९८, मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या ग्रेट बॅरिंग्टन या गावचा, आणि मृत्यू ९ जानेवारी १८५८ ला ह्यूस्टनमधे, म्हणजे साठ पूर्ण व्हायला अकरा दिवस राहिले होते.

थांबा, टेक्सस देश होता?

हो, आणि हे ऐकून प्रत्येक पाहुणा गाडीत सरळ होऊन बसतो. आधी तो मेक्सिकोचा भाग होता, तिथे अमेरिकेतून येऊन लोक वसले, मग त्यांचं मेक्सिकोच्या सरकारशी बिनसलं, १८३६ मधे लढाई झाली आणि टेक्सस वेगळा झाला. स्वतःचा झेंडा, स्वतःचं सैन्य, वकिलाती, नोटा, सगळं होतं. नोटांची अवस्था मात्र फार वाईट होती, मागच्या बाजूला लाल छपाई असल्यामुळे त्यांना रेडबॅक म्हणायचे आणि काही वर्षांतच एक डॉलरच्या नोटेला दोनतीन सेंटसुद्धा कोणी देईना. त्यात मेक्सिकोने टेक्ससला कधी मान्यताच दिली नव्हती. १८४२ मधे मेक्सिकोचं सैन्य दोनदा सॅन अँटोनियोपर्यंत येऊन गेलं. कर्ज, रिकामी तिजोरी आणि डोक्यावर टांगती तलवार, हे डोळ्यासमोर ठेवलं तरच जोन्सने पुढे जे केलं ते नीट कळतं.

तो खरा डॉक्टर होता का, म्हणजे डिग्री वगैरे?

होता, पण सरळ रस्त्याने झाला नाही. त्याला खरं तर छापखान्यात काम करायचं होतं, प्रिंटर व्हायचं होतं, घरच्यांनी समजावून डॉक्टरकीकडे वळवलं. घरची परिस्थिती बेताची. त्या काळी आधी कॉलेज केलंच पाहिजे असं नव्हतं, एखाद्या डॉक्टरच्या हाताखाली शिकायचं आणि मग मेडिकल सोसायटीकडून लायसन्स घ्यायचं. त्याला ते १८२० मधे न्यूयॉर्क राज्यातल्या ओनायडा इथल्या सोसायटीकडून मिळालं. बेनब्रिज नावाच्या गावात दवाखाना टाकला, चालला नाही. नॉर्विचमधे औषधाचं दुकान टाकलं, तेही बुडालं. फिलाडेल्फियात एका सावकाराने पैशासाठी अटक करवली, मग तिथेच राहून थोडी प्रॅक्टिस आणि थोडी शाळामास्तरकी. १८२४ मधे व्हेनेझुएलाला गेला, दोन वर्षं तिथे काढली, परत आला आणि १८२७ मधे फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजातून एमडी झाला. म्हणजे लायसन्स आधी आणि डिग्री सात वर्षांनी!

आणि एवढं करून १८३२ मधे त्याने डॉक्टरकी सोडून दिली. न्यू ऑर्लिन्सला जाऊन अडत्याचा धंदा सुरू केला, म्हणजे दुसऱ्याचा माल कमिशनवर विकायचा. तोही बसला. त्याच सुमाराला शहरात कॉलरा आणि पिवळा ताप दोन्हींची साथ. वय पस्तिशीला आलेलं, लग्न नाही, पैसा नाही, पाच धंदे करून झालेले, माणूस अगदी खचलेला होता.

मग टेक्ससला कसा काय आला?

१८३३ च्या ऑक्टोबरमधे, बोटीने, ब्राझोस नदीवरच्या ब्राझोरिया गावी. आला तेव्हा पक्कं काहीच नव्हतं, उलट त्याच बोटीने परत जायचं तिकिटाचंही ठरवून ठेवलं होतं. गावातल्या लोकांनी अडवलं, म्हणाले इथे डॉक्टरची फार गरज आहे, थोडे दिवस राहून तर बघा. तो राहिला. मला त्याच्या आयुष्यातला हाच सगळ्यात मोठा वळणबिंदू वाटतो, कारण जो माणूस एवढी वर्षं कुठेच टिकला नाही त्याची प्रॅक्टिस इथे बघता बघता वर्षाला पाच हजार डॉलरपर्यंत गेली, आणि त्या काळी ही रक्कम भली मोठी होती.

पण त्या काळचे डॉक्टर करायचे तरी काय?

आमच्याकडे एक डॉक्टर काका आले होते त्यांनी हे फार खोदून विचारलं होतं. तर हिवतापावर क्विनीन होतं आणि ते खरंच काम करायचं. बाकी रक्त काढणं, जुलाब देणं, कॅलोमेल नावाचं पाऱ्याचं औषध, हाडं बसवणं, बाळंतपणं, गरज पडली तर हातपाय कापणं, आणि तेही भूल न देता, कारण ईथरचा वापर १८४६ नंतर सुरू झाला. कॉलरा पाण्यातून येतो हे लंडनला जॉन स्नोने पंपाचा नकाशा काढून दाखवलं ते १८५४ मधे, आणि पिवळ्या तापामागे डास आहे हे पक्कं सिद्ध व्हायला १९०० साल उजाडलं. म्हणजे न्यू ऑर्लिन्सच्या साथीत जोन्सला किंवा कुठल्याच डॉक्टरला आपण नक्की कशाशी लढतोय हे माहीत नव्हतं. ब्राझोरिया नदीकाठचा सखल, दलदलीचा भाग, थंडीताप तर घरोघरी. पेशंट दूरदूरच्या मळ्यांवर पसरलेले, तेव्हा डॉक्टरने घोड्यावर बसून त्यांच्याकडे जायचं, आणि या फिरण्यातूनच गावोगावचे लोक त्याला ओळखायला लागले.

युद्धात तो डॉक्टर म्हणून गेला की सैनिक म्हणून?

दोन्ही. २१ एप्रिल १८३६ ला सॅन जसिंटोची लढाई झाली, जिथे साधारण नऊशे टेक्सन लोकांनी दुपारच्या वेळी मेक्सिकोच्या सैन्यावर अचानक हल्ला केला आणि अठरा मिनिटांत निकाल लावला. मेक्सिकोचे सहाशेच्या वर लोक मारले गेले, सातशेच्या वर पकडले गेले, टेक्ससचे नऊ मेले. जोन्स दुसऱ्या रेजिमेंटचा सर्जन होता, पण त्याने हट्ट धरला की माझी रँक साध्या शिपायाचीच राहू दे. त्यानंतर काही दिवस सैन्याच्या औषधसाठ्याचा मुख्य अधिकारी होता.

मग घरी ब्राझोरियाला आला तर बघतो काय, त्याच्या दवाखान्याच्या जागेत जेम्स कॉलिन्सवर्थ नावाच्या वकिलाने स्वतःचं ऑफिस थाटलेलं. जोन्सने सरळ द्वंद्वाचं आव्हान दिलं. जागा रिकामी झाली. हा कॉलिन्सवर्थ साधासुधा माणूस नव्हता, त्याच वर्षाच्या शेवटी तो टेक्ससचा पहिला सरन्यायाधीश झाला. जोन्स शांत, मोजकं बोलणारा होता असं सगळीकडे लिहितात, पण अपमान झाला की तो विसरायचा नाही, हे इथेच दिसतं आणि पुढे याचीच फार मोठी किंमत त्याने मोजली.

राजकारणात कसा पडला?

हळूहळू, आणि जरा नाखुशीनेच. स्वातंत्र्य जाहीर करण्यासाठी सभा बोलवावी असे ठराव त्याने युद्धाच्या आधीच ब्राझोरियात मांडले होते, पण प्रतिनिधी म्हणून स्वतः जायला नकार दिला. मग टेक्ससच्या दुसऱ्या काँग्रेसमधे निवडून गेला. तिथे त्याने जे विषय हातात घेतले ते बघा: कोणीही उठून डॉक्टरकी करू नये म्हणून वैद्यकीय प्रॅक्टिसवर नियम, सगळीकडे एकसारखी शिक्षणाची पद्धत, आणि युनिव्हर्सिटीसाठी निधी. जेमतेम दोन वर्षांचा देश, डोक्यावर कर्ज, आणि हा माणूस युनिव्हर्सिटीचं बोलतोय. ह्यूस्टनच्या पाहुण्यांना मी हे मुद्दाम सांगतो, कारण त्याच्याबद्दल जे काही थोडंफार लिहिलं जातं ते सगळं शेवटाबद्दलच असतं.

१८३८ मधे प्रेसिडेंट सॅम ह्यूस्टनने त्याला टेक्ससचा राजदूत म्हणून अमेरिकेत पाठवलं. तिकडून आल्यावर सेनेटर झाला, मे १८४० मधे मेरी स्मिथ मॅक्रोरीशी लग्न केलं, आणि १८४१ च्या शेवटी ह्यूस्टन परत प्रेसिडेंट झाला तेव्हा जोन्स परराष्ट्रमंत्री.

वॉशिंग्टन म्हणजे अमेरिकेतलंच ना?

इथे सगळ्यांचा गोंधळ होतो. राजदूत म्हणून गेला ते अमेरिकेच्या राजधानीत. पण टेक्ससमधे ब्राझोस नदीवर वॉशिंग्टन नावाचंच एक छोटं गाव आहे, तिथेच २ मार्च १८३६ ला स्वातंत्र्य जाहीर झालं होतं, आणि १८४२ पासून सरकार तिथूनच चालायचं. जोन्सचं बहुतेक प्रेसिडेंटपद या गावात गेलं.

विलीनीकरण त्याला हवं होतं की नको होतं?

हा खरा प्रश्न, आणि त्याच्या हयातीतही लोक हेच विचारत होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

टेक्ससच्या बहुतेक लोकांना सुरुवातीपासूनच अमेरिकेत जायचं होतं. अमेरिका घेत नव्हती. कारण टेक्ससमधे गुलामी होती, तो आत आला की गुलामीवाल्या राज्यांचं पारडं जड होणार, म्हणून उत्तरेकडच्यांचा विरोध, शिवाय मेक्सिकोशी युद्ध ओढवेल ही भीती. १८३८ मधे जोन्सनेच अमेरिकेतल्या वॉशिंग्टनमधे टेक्ससचा विलीनीकरणाचा प्रस्ताव अधिकृतपणे मागे घेतला होता. का? तर त्याचं म्हणणं असं की दारात हात पसरून उभं राहिलात तर कोणी विचारणार नाही, तेव्हा इंग्लंड-फ्रान्सशी संबंध जोडा, त्यांची मान्यता मिळवा, मग अमेरिकेलाच घाई होईल की हा प्रदेश ब्रिटिशांच्या हाताखाली जातो की काय.

आणि तसंच झालं. एप्रिल १८४४ मधे अमेरिकेशी करार झाला, पण जूनमधे अमेरिकन सेनेटने तो ३५ विरुद्ध १६ मतांनी फेटाळला. सप्टेंबरमधे टेक्ससची निवडणूक झाली, जोन्सला साधारण सात हजार मतं पडली आणि त्याने एडवर्ड बर्लसनला हरवलं. प्रचारात एकही भाषण केलं नाही. ९ डिसेंबर १८४४ ला शपथ घेतली त्या भाषणातही विलीनीकरणाबद्दल एक शब्द नाही! अख्खा देश एकाच विषयावर बोलतोय आणि प्रेसिडेंट त्यावर गप्प, लोकांना संशय येणारच.

मग १ मार्च १८४५ ला अमेरिकेने ठराव पास करून दार उघडलं. करार असता तर सेनेटमधे दोन तृतीयांश मतं लागली असती, दोन्ही सभागृहांच्या ठरावाला साधं बहुमत पुरतं, ही ती युक्ती. त्याच महिन्यात ब्रिटनचा चार्ल्स इलियट आणि फ्रान्सचा सॅलिनी असे दोन राजदूत जोन्सला येऊन भेटले. इलियट म्हणजे अफूच्या युद्धाच्या वेळी हाँगकाँग ब्रिटिशांकडे आलं तेव्हाचा तिथला अधिकारी, तोच. त्यांचं म्हणणं, आम्हाला नव्वद दिवस द्या, मेक्सिकोकडून तुमच्या स्वातंत्र्याची मान्यता आणून देतो, अट एवढीच की दुसऱ्या कुठल्या देशात सामील व्हायचं नाही. जोन्सने हो म्हटलं. इलियट गुपचूप मेक्सिकोला गेला, डोक्यावर पांढरी हॅट घालून, आणि बातमी फुटल्यावर पेपरवाल्यांनी त्याचं नावच पांढऱ्या हॅटवाला ठेवलं. मेक्सिकोने खरंच सही केली. नऊ वर्षं ज्यांनी तुम्हाला देश मानलं नाही त्यांनी शेवटी मानलं, तेही एक गोळी न झाडता.

४ जून १८४५ ला जोन्सने हे जाहीर केलं. आता टेक्ससच्या लोकांपुढे दोन कागद होते, एकीकडे मेक्सिकोशी शांतता आणि स्वातंत्र्य, दुसरीकडे अमेरिका. काय घ्यायचं ते तुम्ही ठरवा. त्याने स्वतःच काँग्रेस बोलावली, स्वतःच ४ जुलैला ऑस्टिनमधे प्रतिनिधींची सभा बोलावली, आणि त्या सभेत अमेरिकेच्या बाजूने ठराव झाला तेव्हा विरोधात फक्त एक मत पडलं.

माझं स्वतःचं मत विचाराल तर त्याने हे बरोबर केलं. आधीच्या सगळ्या प्रेसिडेंटांना एकही धड पर्याय मिळाला नव्हता, याने लोकांच्या हातात दोन ठेवले आणि निवड त्यांच्यावर सोडली. चूक एवढीच की आपण काय करतोय हे त्याने कोणाला सांगितलं नाही.

मग लोकांनी त्याचे पुतळे का जाळले?

त्याच गप्प बसण्यामुळे. मार्च ते जून लोकांना वाटत राहिलं की हा ब्रिटिशांना विकला गेलाय, मुद्दाम वेळ काढतोय. त्याचे पुतळे जाळले, सरकार उलथवून टाकायच्या धमक्या आल्या. त्यात त्याने एका मुलाचं नाव चार्ल्स इलियट ठेवलं होतं, म्हणजे बघा. गुप्तपणे बोलणी चालवायची तर तोंड बंद ठेवावं लागतं हे खरंय, पण घोड्यावरून पेशंटच्या घरी जाणारा हा माणूस एवढ्या लोकांना जवळून ओळखत होता, त्यांना विश्वासात घेणारं एखादं भाषण त्याने करायला हवं होतं असं मला राहून राहून वाटतं.

शेवटच्या दिवशी तो काय म्हणाला होता?

१९ फेब्रुवारी १८४६, ऑस्टिन. टेक्ससचा झेंडा उतरवून अमेरिकेचा चढवायचा होता आणि सत्ता नवीन गव्हर्नर हेंडरसनकडे द्यायची होती. जोन्सच्या भाषणाचा शेवट असा होता: या मोठ्या नाटकातला शेवटचा अंक आता पार पडला आहे, टेक्ससचं प्रजासत्ताक आता राहिलेलं नाही. स्वतःचंच पद आणि स्वतःचाच देश स्वतःच्या तोंडाने संपला म्हणून सांगायचं, किती जणांवर अशी वेळ येते?

त्याच्याकडे गुलाम होते का?

होते. हा प्रश्न बहुतेक मुलंच विचारतात आणि मी कधीच टाळत नाही. वॉशिंग्टन गावापासून थोड्या अंतरावर त्याने कापसाचा मळा केला होता, जन्मगावावरून नाव दिलं बॅरिंग्टन, आणि तिथली शेतातली आणि घरातली मेहनत गुलाम म्हणून ठेवलेल्या माणसांची होती. युनिव्हर्सिटी आणि शिक्षणाबद्दल बोलणारा हा डॉक्टर माणसांचा मालक होता. आणि विलीनीकरणामुळे टेक्ससमधली गुलामी अमेरिकेच्या छताखाली आणखी पक्की झाली, हेही त्याच्या कामाचंच फळ आहे. त्याच्याबद्दल मला कितीही आपुलकी वाटली तरी हे सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही असं मी ठरवून टाकलंय.

नंतर काय झालं, आत्महत्या का केली?

त्याला वाटलं होतं की टेक्ससतर्फे अमेरिकन सेनेटमधे आपल्याला पाठवतील. पाठवलं ह्यूस्टन आणि थॉमस रस्क यांना. विलीनीकरणाचं श्रेयही लोक ह्यूस्टनलाच द्यायला लागले आणि जोन्सच्या मनात ते घर करून बसलं. मळा चांगला चालला होता, बायको-मुलं होती, पण तो जुने कागद, पत्रं काढून आपली बाजू लिहीत बसायचा. १८४९ मधे दुखापत होऊन डावा हात निकामी झाला, त्यानंतर तब्येत आणि मन दोन्ही ढासळत गेलं.

१८५७ मधे सेनेटमधल्या ह्यूस्टनच्या जागेवर पुढच्या मुदतीसाठी माणूस निवडायचा होता, आणि रस्कने तर त्याच वर्षी जुलैमधे स्वतःचं आयुष्य संपवलं होतं. दोन्ही जागा भरायच्या होत्या. जोन्सला खात्री वाटली की आता तरी आपली आठवण होईल. विधिमंडळात मतदान झालं, त्याला एकही मत पडलं नाही. एकही नाही.

जानेवारी १८५८ मधे तो ह्यूस्टन शहरात आला आणि ओल्ड कॅपिटॉल हॉटेलमधे उतरला. ही इमारत एकेकाळी टेक्ससचं संसद भवन होती. वीस वर्षांपूर्वी तो नवीन निवडून आलेला काँग्रेसमन म्हणून याच इमारतीत बसला होता. चार दिवस तिथे राहिला आणि ९ जानेवारीला त्याने जीव दिला.

कारण नुसतं राजकारण होतं असं मला वाटत नाही. तरुणपणी न्यू ऑर्लिन्समधेही तो असाच खचला होता, तेव्हा ब्राझोरियाच्या लोकांनी थांब म्हटलं होतं. आज ज्याला आपण डिप्रेशन म्हणतो त्याला तेव्हा मेलँकोलिया म्हणायचे, पण त्यावर धड औषध नव्हतं, आणि डॉक्टर असूनही स्वतःसाठी त्याच्या हातात काही नव्हतं. आपल्या घरात, मित्रांत कोणी असं आतून खचलेलं दिसलं तर त्याच्याशी बोला, जवळ बसा, डॉक्टरकडे न्या, उशीर करू नका.

त्याची बाजू पुढे कोणी मांडली का?

त्याने जमवलेले कागद आणि आठवणी १८५९ मधे, तो गेल्यानंतर, पुस्तकरूपाने छापून आल्या. त्यात ह्यूस्टनवरचा राग पानोपानी आहे, पण त्या काळच्या परराष्ट्र व्यवहारावर काम करणाऱ्यांना तो पत्रव्यवहार आजही लागतो. १८५८ मधे त्याच्या नावाने जोन्स काउंटी झाली आणि तिथल्या मुख्य गावाला १८८२ मधे अ‍ॅन्सन नाव मिळालं.

बघायला जायचं तर काय काय आहे?

वॉशिंग्टन-ऑन-द-ब्राझोसला त्याचं मूळ लाकडी घर अजून उभं आहे, बाकी गोठा, धूरघर, गुलामांच्या दोन झोपड्या हे सगळं नंतर पुन्हा बांधलेलं. बैलजोडी आहे, डुकरं आहेत, कापूस लावतात, जुन्या वेषातले लोक चुलीवर स्वयंपाक करतात. आमच्या आत्यांना तिथला बैल बघून इतका आनंद झाला की त्या घर बघायला आत यायलाच तयार नव्हत्या. घर बघून झालं की झोपड्यांत जाऊन उभे राहा, अंतर काही पावलांचंच आहे. उन्हाळ्यात सकाळी लवकर जा आणि पाणी घेऊन जा.

त्याची कबर ह्यूस्टन शहरातच ग्लेनवूड स्मशानभूमीत आहे.

आणि त्याची बायको?

मेरी. तो गेला तेव्हा पदरात चार मुलं. त्यातला चार्ल्स इलियट पुढे यादवी युद्धात मारला गेला. तिने एकटीने शेती सांभाळली, मुलं वाढवली. १८९१ मधे टेक्ससच्या जुन्या प्रजासत्ताकातल्या घराण्यांच्या बायकांनी एक संस्था काढली, डॉटर्स ऑफ द रिपब्लिक ऑफ टेक्सस, अजून चालू आहे ती. तिची पहिली प्रेसिडेंट म्हणून त्यांनी मेरीला निवडलं, आणि ३१ डिसेंबर १९०७ ला ती वारली तोपर्यंत ते पद तिच्याकडेच होतं.